पन्हळीतली जोडी

गिब्बी स्पेन्स जन्मात पहिल्यांदा वेळेआधी पोहोचला, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

गिब्बी म्हणजे पोर्टकेरनचा प्लंबर. आता साठी उलटली होती, पाने-पकडी पुतण्याच्या हवाली झाल्या होत्या, पण उशिराची कीर्ती मात्र अजून त्याच्याच नावावर होती. गिब्बीची वाट बघता बघता अर्ध्या गावाचे नळ आपोआप गळायचे थांबले आणि उरलेलं गाव पोहायला शिकलं, असं लोक म्हणत. असा हा माणूस शनिवारी भल्या पहाटे, मैदानावर अजून सशांचं राज्य असताना, खांद्यावर गोल्फच्या काठ्यांची पिशवी टाकून हजर झाला. खोपट्याच्या दारातली जीनी त्याला बघून दचकलीच.

"काय रे गिब्बी, कोणी गेलं की काय?"

"कोणी गेलं नाही. खेळायला आलोय."

"आत्ता?"

"म्हटलं, जरा लवकर येऊन हात मोकळे करावेत."

जीनीने त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. बूट चकचकीत, दाढी गुळगुळीत, गळ्यात टाय. प्लंबरच्या गळ्यात टाय म्हणजे एक तर लग्न नाही तर कोर्ट. पण नसत्या चौकशा करणं तिचं काम नव्हतं. जीनीचं काम पन्हळ सांभाळण्याचं, ते ती चोख करी.

पोर्टकेरनला नंबर लावायची रीत खापरपणजोबांपासूनची. पहिल्या टीशेजारी, म्हणजे जिथून पहिला फटका मारायचा त्या जागेशेजारी, जीनीचं खोपटं, आणि खोपट्याच्या भिंतीला एक उतरती पन्हळ. आल्याआल्या आपला चेंडू वरून त्यात सोडायचा. तो घरंगळत जाऊन आधीच्या चेंडूंमागे रांगेत बसतो. तुमचा चेंडू खालच्या तोंडाशी आला की तुमची पाळी. एकटा आलेला माणूस मागच्या चेंडूच्या मालकाबरोबर खेळतो, मग तो मालक मित्र असो की सात जन्मांचा वैरी. पन्हळीने लावलेली जोडी बदलायची नाही. या गावात लग्नं मोडली, पण पन्हळीच्या जोड्या कधी मोडल्या नाहीत.

आणि गिब्बीला जोडी हवी होती नेटा कॉर्मॅकची.

नेटा शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसायची. पुढे बंदरावरच्या हॉलमधल्या नाचाला तिला विचारायचं त्याने ठरवलं होतं. हॉलच्या दारापर्यंत गेलाही होता. तेवढ्यात आपल्या बुटांकडे त्याचं लक्ष गेलं, आणि बूट चमकवायला तो घरी पळाला. परत आला तेव्हा नेटा ॲलेक कॉर्मॅकबरोबर नाचत होती, आणि तो नाच बिचारा कॉर्मॅक वारेपर्यंत चालला. त्या दिवसापासून गिब्बी तिला अहो-जाहो करू लागला. आता नेटा दर शनिवारी एकटीच खेळायला येई, गिब्बीही एकटाच येई, पण हा पोहोचेपर्यंत तिचा चेंडू कोणाबरोबर तरी निघून गेलेला असे. दर शनिवारी हा तिच्या पाठमोऱ्या लाल टोपीकडे बघत, दुसऱ्याच कोणाचा तरी खोकला ऐकत अठरा भोकं खेळे.

हा शनिवार शेवटचा. रविवारच्या संध्याकाळच्या गाडीने नेटा कायमची लेकाकडे इंग्लंडला निघाली होती. घराची किल्लीसुद्धा शेजारणीकडे देऊन झाली होती. तिच्याबरोबर एकदा, फक्त एकदा, पहिल्या टीपासून अठराव्या भोकापर्यंत चालायचं, याहून जास्त गिब्बीने देवाकडे काही मागितलं नव्हतं.

त्याने हिरवा ठिपका लावलेला आपला चेंडू पन्हळीत सोडला. खडखड करत तो तळाशी जाऊन बसला. आता नेटा आली, तिने लाल ठिपक्याचा चेंडू सोडला की झालं! तोवर हात मोकळे करावेत. कारण गिब्बीची दुसरी अडचण अशी, की पहिला फटका त्याला कधीच जमत नसे. बघायला कोणी असलं की चेंडू फार तर कुत्र्याने हुंगावा इतकाच लांब जाई. नेटासमोर ही शोभा नको होती.

खोपट्याच्या पूर्वेला सरावाची पट्टी होती. गिब्बीने कंबर फिरवली, खांदे फिरवले, चार-सहा फटके मारले. इतक्यात वाटेवरून मिस्टर टुलोक येताना दिसले, हातात चेंडू घेऊन.

टुलोक म्हणजे गावाचे निवृत्त दंतवैद्य. त्यांच्याबरोबर खेळायचं म्हणजे चार तास भूल न देता दाढ काढून घेणं. त्यांचा चेंडू मागोमाग पडला की संपलंच! गिब्बी काठी टाकून धावला आणि त्याने आपला चेंडू पन्हळीच्या तोंडातून उपसून काढला.

"काढलास का रे, स्पेन्स?" टुलोकनी विचारलं.

"हात मोकळे व्हायचेत अजून. तुम्ही व्हा पुढे."

"बघू, बघू कसे मोकळे करतोस." टुलोकनी स्वतःचाही चेंडू खिशात टाकला. खेळण्यापेक्षा शिकवण्याची त्यांना अधिक हौस. "मार एक. अरे, खांदा उघड! आणखी उघड. मोठा आ... असा!"

आता गिब्बीने शहाणपणा केला. चेंडू पन्हळीत ठेवला की कोणीही येऊन मागे चिकटणार. त्यापेक्षा तो खिशातच ठेवावा, आणि नेटाचा लाल ठिपका पन्हळीत दिसला की लगेच मागे सोडावा. बेत एकदम पक्का! दर थोड्या वेळाने तो पन्हळीत डोकावून येई. पाववाल्याचा चेंडू, पाद्रीबाईंचा चेंडू, कोळ्यांचे चेंडू. लाल ठिपका काही नाही. मग परत पट्टीवर. आणि नुसतं उभं राहिलं तर टुलोक शंका घेणार, म्हणून फटके चालूच.

सूर्य वर आला. गिब्बीचा टाय सुटला, शर्ट पाठीला चिकटला. पहिली फेरी संपवून कोळी परत आले, तरी हा आपला हात मोकळे करतोच आहे.

"काय चाललंय याचं?" त्यांनी टुलोकना विचारलं.

"तयारी," टुलोक भारदस्त आवाजात म्हणाले. "मी घेतोय करून."

"कसली तयारी?"

"ते आत्ता सांगता येत नाही." सांगता येत नव्हतं, कारण त्यांनाही माहीत नव्हतं.

एवढं पुरे झालं. गिब्बी स्पेन्स पहाटेपासून सराव करतोय, तेही टाय लावून, म्हणजे कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेत त्याची निवड झालेली दिसते, ही बातमी बंदरावर पोहोचली, तिथून बेकरीत गेली, आणि बेकरीतून अख्ख्या गावात. लोक बेकनचे रोल खात खात पट्टीभोवती जमले. कोणी तरी खुर्ची आणली. ज्याला एका नेटासमोर शोभा नको होती, त्याच्यासमोर निम्मं पोर्टकेरन येऊन बसलं. गिब्बीच्या कमरेत आता बारीक कळ मारू लागली होती. पण कमरेपेक्षा काळीज जास्त दुखत होतं. ती येत का नाही? सामान बांधायचं राहिलं असेल. की आज खेळायचंच नाही ठरवलं? तिला कशाला आठवण असेल पन्हळीची आणि आपली!

"शेवटची जोडी राहिली!" जीनी खोपट्यातून ओरडली. "बाराला स्पर्धा सुरू होतेय. मग आज कोणाला सोडणार नाही मी!"

गिब्बी लंगडतच खिडकीशी गेला. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्याने विचारलं, "जीनी, ते... मिसेस कॉर्मॅक आज येणार नाहीत वाटतं?"

"येणार नाहीत काय? कधीची आलीय. तुझ्याही आधी."

"कुठाय?"

जीनीने पाठीमागच्या, पश्चिमेकडच्या खिडकीकडे अंगठा केला. त्या बाजूला छोटं ग्रीन होतं, चेंडू भोकात ढकलायच्या सरावाचं. वाकून वाकून कमरेचं धनुष्य झालेली एक लाल टोपी तिथे चेंडू ढकलत होती.

"समुद्रावरून आली पहाटे. म्हणाली, हात मोकळे करते. सारखी येऊन पन्हळीत डोकावते नि जाते, पट्टीवरची गर्दी तिला स्पर्धेचीच वाटतेय. तू गेलास की ती येते, ती गेली की तू येतोस. ऊनपाऊस दाखवणाऱ्या छोट्या घरातल्या त्या बाहुल्या असतात ना, एक आत गेली की दुसरी बाहेर, तसं चाललंय सकाळपासून."

"मग बाई, तू सांगितलं का नाहीस?"

"मला कोणी विचारलं? माझं काम चेंडू बघायचं. चेंडू दोघांचेही नव्हते."

तेवढ्यात नेटाच कोपऱ्यावरून डोकावली. तिचा एक हात खिशात होता.

"गिब्बी! तुझा चेंडू कुठाय? मी सकाळपासून हिरवा ठिपका शोधतेय. म्हटलं, हा नेहमीसारखा उशिरा येणार. आला की मागोमाग आपला सोडू."

गिब्बीने खिशातून चेंडू काढून दाखवला. नेटाने आपला काढून दाखवला. मग दोघांनी एकामागोमाग ते पन्हळीत सोडले. टक्. टक्. असा गोड आवाज गिब्बीने आयुष्यात ऐकला नव्हता.

"स्पेन्स आणि कॉर्मॅक!" जीनीने पुकारा केला.

सगळं गाव पट्टीवरून पहिल्या टीकडे लोटलं. गिब्बीने चेंडू मांडला. नेटा शेजारी उभी होती, लवेंडरच्या साबणाचा मंद वास येत होता. त्याने काठी मागे नेली, वर नेली, खांद्यापलीकडे पार वर नेली, आणि तो तिथेच थांबला.

गाव श्वास रोखून बघत राहिलं.

"पाहिलंत?" टुलोक दबक्या आवाजात म्हणाले. "वरती थांबायचं. घाई नाही. हे माझं शिक्षण."

गिब्बी थांबलाच होता. एक समुद्रपक्षी डोक्यावरून गेला, परत आला.

"गिब्बी," नेटा हळूच म्हणाली, "बरा आहेस ना?"

"नाही," ओठ न हलवता गिब्बी म्हणाला. "कंबर धरली."

"मग काठी खाली आण."

"आणता येत नाही."

शेवटी चार कोळ्यांनी त्याला जसाच्या तसा, काठीसकट उचलून बाकावर नेऊन ठेवलं. चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. स्पर्धेची मंडळी टीवर आली, आणि जीनीने गिब्बीचा चेंडू उचलून पन्हळीच्या तोंडाशी नेटाच्या चेंडूशेजारी परत ठेवला.

"पाळी मोडली नाही, फटका झालेला नाही. दोन्ही चेंडू इथेच राहतील. उद्या रविवार, मैदान बंद. सोमवारी सकाळी पहिली जोडी तुमची."

"त्या उद्या जाणार आहेत गं," गिब्बी कळवळून म्हणाला.

"ते मला नको सांगू. नियम म्हणजे नियम."

गर्दी पांगली. नेटाने थर्मासमधला चहा ओतला, आणि गिब्बीचे हात अजून आभाळातच असल्यामुळे स्वतः त्याच्या तोंडाशी धरला. तिचीही बोटं काठी धरून आखडली होती, चहा निम्मा टायवर सांडला.

"बूट छान चमकवलेस," ती म्हणाली.

गिब्बीचा चेहरा लाल झाला. "त्या दिवशीसुद्धा बूटच चमकवायला गेलो होतो मी. हॉलवरून."

"माहीत आहे. मी बघितलं तुला वळताना. नाच सुरू व्हायच्या कितीतरी आधी येऊन उभी होते मी. आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून."

"मग कॉर्मॅक?"

"तो मळक्या बुटांनी आला," नेटा म्हणाली आणि समुद्राकडे बघू लागली. "भला माणूस होता. सुखात ठेवलं त्याने मला. पण गिब्बी, तुझी वाट मी बघितली होती रे."

गिब्बीच्या काठीचं टोक थरथरलं. 'जाऊ नका' हे दोन शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण ते नीट कसे म्हणावेत, याचा तो विचार करत बसला, आणि तोवर नेटाची शेजारीण तिला न्यायला आली.

रविवारी संध्याकाळी पाठीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन तो पडला होता. गाडीची शिट्टी झाली. डब्यांचा आवाज पुलावरून गेला, मग विरला. गिब्बीने उशी तोंडावर ओढून घेतली आणि लहान मुलासारखा रडला.

सोमवारी त्याला उठावंसंच वाटेना. पहिली जोडी! कसली जोडी न् काय. पण तिचा चेंडू पन्हळीत तसाच असेल, जीनी तो कुणालाही देऊन टाकेल, निदान तेवढा तरी आपल्याकडे असावा, म्हणून उन्हं चांगली चढल्यावर तो निघाला. काठ्या घरीच ठेवल्या. दाढी केली नाही. बूट तर परसातल्या चिखलाने माखलेलेच.

लांबूनच त्याला खिडकीत जीनी दिसली. ती दोन्ही हात हलवत ओरडत होती.

"मेल्या, होतास कुठे? ती पहाटेपासून हात मोकळे करतेय! पन्हळ अडवून ठेवलीय तुम्ही दोघांनी, माझ्या जिवाला घोर!"

खोपट्याच्या कोपऱ्यावरून लाल टोपी डोकावली.

"तू... गाडी?" गिब्बीला एवढंच बोलता आलं. अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं.

"चुकली," नेटा म्हणाली. "स्टेशनवर जायला उशीर झाला. जन्मात पहिल्यांदाच बघ." तिने त्याच्या बुटांकडे पाहिलं, चिखल बघून हसली, आणि आपल्या पिशवीतली एक काठी त्याच्या हातात दिली.

पन्हळीच्या तोंडाशी हिरवा ठिपका आणि लाल ठिपका एकमेकांना टेकून बसले होते. गिब्बीने आपला चेंडू उचलून टीवर मांडला. मग त्याने कमरेवर हात ठेवला, आणि भीत भीत मागे वळून विचारलं, "आधी जरा हात मोकळे करून घेऊ का?"

"खबरदार!" खिडकीतून आणि टीवरून दोन आवाज एकदम आले.