पास्कूचे कोई

२०२२ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि ओमानमधल्या जबल अखदर डोंगरावर, अर्बाबच्या, म्हणजे आमच्या अरब मालकाच्या, घरामागे दोन खोल्या बांधत होतो. पहिल्याच सकाळी तिथे एक म्हातारा दिसला. डोक्यावर माकडटोपी, अंगात एकावर एक दोन स्वेटर, आणि पाण्याच्या टाकीच्या कडेला उकिडवा बसून पाण्याशी इंग्रजीत बोलतोय.

"गुड मॉर्निंग. हाऊ आर यू? इज इट कोल्ड?"

मग थोडा थांबला. पाण्यातून उत्तर आल्यासारखी मान हलवली. "ओके, ओके. व्हेरी गुड."

हा पास्कू. मूळचा वसईचा. खाली मत्रह बंदरातल्या एका हॉटेलात जन्मभर स्वयंपाक केला. गुडघे गेले तेव्हा अर्बाबने त्याला या डोंगरावरच्या घरी राखणीला आणून ठेवला.

मी चौथी शिकलोय आणि ते कुणापासून लपवत नाही. पण वसईचा माणूस माशांशी इंग्रजीत का बोलतो, हे विचारायला चौथीसुद्धा लागत नाही. मी विचारलं.

"मी काय बोलतो मिस्त्री," तो म्हणाला, "हे मासे जपानचे."

"मग जपानीत बोल."

"जपानी मला येते कुठे?"

आता यावर माणूस पुढे काय विचारणार?

"मी काय बोलतो" हे त्याच्या प्रत्येक वाक्याचं तोरण. कांदा चिरतानासुद्धा एकटाच म्हणायचा, मी काय बोलतो, आणि पुढे काहीच बोलायचा नाही. मी वाट बघत बसायचो.

माशाचं नाव विचारलं तर म्हणाला, "कोई."

"कोई म्हणजे कुठला कोई?"

"कोई म्हणजे कोई. जातच ती."

हातभर लांबीचे, पांढरे, तांबडे, हळदी रंगाचे मासे. खायचे नाहीत, नुसते बघायचे. आमच्या मालवणात असा मासा टोपलीत आला तर गिऱ्हाईक घाबरून पळेल. अर्बाबने ते आधी खाली शहरात, अल खौदच्या बंगल्यात पाळले होते. तिथे उन्हाळ्यात पाण्याचा चहा व्हायचा, म्हणून थंड हवेला वर आणले. हिवाळ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. गावच्या लोकांना वाटतं ओमान म्हणजे घाम आणि वाळू. त्यांनी डिसेंबरात त्या डोंगरावर यावं. सकाळी नळ उघडला तर पाइपात पाणी गोठलेलं. माझं सिमेंट धरायला तयार नाही. हातात थापी धरली की बोटं आपली आहेत की दुसऱ्याची, कळत नाही.

अर्बाब पाळायच्या माशांच्या दुकानातून सगळं विचारून आला होता. त्याने पास्कूला माझ्यासमोर बजावलं. थंडीत माशांना खायला घालायचं नाही, त्यांना पचत नाही, पाणी नासतं. टाकी ढवळायची नाही. बर्फ धरलाच तर ठोकून फोडायचा नाही, आवाजाने मासा दगावतो.

"एक भी मर गया," अर्बाब म्हणाला, "तो खलास. टाकी बंद, घर बंद. तुम अपने गाँव जाओ, आराम करो."

आराम म्हटल्यावर दुसरा माणूस खूश झाला असता. पास्कूचा चेहरा कुणी हातातली पळी काढून घेतल्यासारखा झाला.

ढवळू नकोस, ठोकू नकोस, हे त्याने ऐकलं. खायला घालू नकोस, हे काही त्याच्या डोक्यात शिरेना. जन्मभर लोकांना वाढलेला माणूस. रोज सकाळी मासे तोंड वर करून बघायचे आणि हा खिशातून शिजवलेल्या भाताची शितं काढून टाकायचा. दोन-चारदा मी पाहिलं आणि गप्प बसलो. शेवटी पकडलाच.

"पास्कू, काय करतोस?"

"काही नाय. जरा तोंडी लावायला."

"अर्बाब काय बोलला?"

"अर्बाबला जेवणातलं काय कळतं? थंडीत भूक जास्ती लागते. तूच बघ, किती भाकऱ्या हाणतोस."

"मी मासा नाही."

"ते दिसतंय. मासा एवढी कटकट करत नाय."

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. संध्याकाळी त्याने सुक्या बांगड्याची चटणी केली, म्हणून बोललो.

मग तो शुक्रवार आला. शुक्रवारी माझं काम बंद. मी खाली वळणावरच्या दुकानात चहा पीत बसलो होतो. दुकानदार केरळचा, त्याला सगळे इक्का म्हणायचे. शेजारी पाण्याचा टँकर चालवणारा पठाण, लाला. डोंगरावरच्या आम्हा लोकांचा फोनवर एक ग्रुप होता. कोण शहरात चाललाय, कुणाला काय आणायचंय, एवढ्यापुरता. त्यावर पास्कूचा आवाज आला. लालाने मोठ्याने लावला.

"भाई लोग, इधर कोई मर गया. पानी में नीचे पड़ा है. हिलता नहीं. जल्दी आओ."

आणि पुढे नुसतं हुंदके देणं.

इक्काने किटली खाली ठेवली. लालाने डोळे मिटून दुवा म्हटली. मासे मला ठाऊक होते, पण तो रडण्याचा सूर ऐकल्यावर मासा कुणाच्या डोक्यात येईल? इक्काने कपाटातून पांढरं कापड काढलं, लगेच अर्बाबला फोन लावला, "आपके घर में कोई मर गया," आणि आम्ही तिघं टँकरमध्ये चढलो.

पास्कू टाकीच्या कडेला बसला होता. टोपी हातात. आम्हाला बघून त्याने क्रूस केला.

"कौन था?" लालाने हळूच विचारलं.

"वो सफेदवाला."

"गोरा? अंग्रेज था?"

"नहीं. जापान का."

"या अल्ला," लाला म्हणाला. "इतना दूर से आके!"

"रोज मेरे हाथ से खाता था," पास्कू म्हणाला आणि परत रडायला लागला.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मी वाकून बघितलं. पांढरा मासा तळाला दगडासारखा पडला होता. पण मी समुद्राकाठचा माणूस आहे, मेलेला मासा कसा दिसतो ते मला सांगू नका. कल्ले हलत होते. एक हलायचा, मग बराच वेळ काही नाही, मग परत हलायचा.

"अरे गाढवा, जिवंत आहे तो. थंडीने झोपलाय."

"झोपलाय? मग बाकीचे?"

"तेही झोपतील. तू भात घालून घालून त्यांना जागवतोयस."

लालाला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो टँकरच्या चाकाला टेकून इतका हसला की त्याला उचकी लागली. इक्का हसला नाही. त्याने कापडाची घडी जशीच्या तशी परत घातली आणि काखेत मारली.

अर्बाबला कळवायचं मात्र कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. दुपारी त्याची गाडी धूळ उडवत आली. बिचारा अल खौदवरून घाट चढून आलेला, चेहरा उतरलेला.

"कौन नफर मर गया?" त्याने विचारलं. नफर म्हणजे माणूस.

लाला पुढे झाला. "कोई नहीं मरा, अर्बाब."

"कोई नहीं मरा, अच्छा है. मछली ठीक है. लेकिन आदमी कौन मरा?"

लालाला परत उचकी लागली.

सगळं उलगडून सांगितलं तेव्हा अर्बाब हसलासुद्धा असता. पण त्याने टाकीत बघितलं. तळाला भाताची शितं फुगून पडली होती आणि पाण्याला आंबूस वास येत होता. तो पास्कूकडे वळला.

"मैंने बोला था, खाना नहीं. बोला था कि नहीं?"

पास्कूने भाताच्या खिशावर हात ठेवला.

"खलास. कल गाड़ी भेजूँगा. मछली दुकान में जाएगी. तुम गाँव जाओ."

तेवढ्यात पास्कूचा फोन वाजला. त्याने घेतला नाही. परत वाजला. "उठाओ," अर्बाब वैतागून म्हणाला.

पास्कूने टोपी नीट घातली, तोंड पुसलं आणि फोन लांब धरला. फोनात सहा-सात वर्षांची मुलगी. त्याची नात. मुलगा अल खौदलाच ऑफिसात कामाला, हे मला त्या दिवशी कळलं.

"हाय ग्रँडपा!"

"गुड मॉर्निंग, बेबी. हाऊ आर यू? इज इट कोल्ड?"

टाकीशी बोलायचा अगदी तसंच, त्याच चालीवर. दुपार झाली होती, तरी गुड मॉर्निंग.

"शो मी मोमो," मुलगी म्हणाली. पास्कूने फोन पांढऱ्या माशावर धरला. "व्हाय इज ही नॉट मूव्हिंग?"

हे काही त्याच्या पाठांतरात नव्हतं. त्याने तोंड उघडलं. "मी काय बोलतो... बाळा, तो ना..."

"व्हॉट?"

तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे बघून काय उपयोग? मग अर्बाबकडे. अर्बाब एक पाऊल पुढे आला आणि फोनात वाकला.

"ही इज स्लीपिंग," तो म्हणाला. "ऑल विंटर. वुई डोन्ट वेक हिम."

"ओके. देन आय विल कॉल व्हेन ही वेक्स अप."

एवढं इंग्रजी मलाही कळलं. पास्कूला तर कळलंच. त्याचा फोन धरलेला हात आपोआप खाली गेला.

"नो, नो," अर्बाब घाईने म्हणाला, "यू कॉल एव्हरी फ्रायडे. यू चेक ऑन हिम."

"एव्हरी फ्रायडे. ओके. बाय, ग्रँडपा!"

अर्बाबने गाडीचा विषय परत काढला नाही. जाताना एवढंच बोलला, "ठंडी खत्म होने दो, फिर देखेंगे. और चावल नहीं, समझा?"

सगळे गेल्यावर आम्ही दोघांनी चाळणी घेऊन तळाची शितं काढली, मासे न उठवता. मी विचारलं, "मुलगा कधी वर येतो की नाही?"

"येतील. इन्शाल्ला. वर यायला मोठी गाडी लागते ना." मग तो चाळणी धुवायला लागला. "पोरीला मराठी येत नाय. मला इंग्लिश येत नाय. एकदा फोनवर चुकलो तर ती खूप हसली. लहान आहे, हसणारच. हे मासे हसत नाय."

मी त्याच्या हातातली चाळणी घेतली आणि टाकीच्या कडेला उपडी ठेवली.

त्या रात्री खिंडीकडून वारा सुटला, थेट टाकीवर येणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्बाबच्या खोलीचं काम तसंच सोडलं, डोंगरातले चपटे दगड घमेल्याने टाकीपाशी आणले, खिंडीच्या अंगाला दोरी लावली आणि आडोशाच्या भिंतीचा पहिला दगड बसवला.