लाल स्वेटरचा गेट पास

आमच्या शेजारचे खानझोडेकाका या थंडीत एकदा दुधाच्या पार्लरवर गुलाबी लेडीज स्वेटर घालून उभे होते. फुलांच्या आकाराची बटणं, खिशावर विणलेली दोन बदकं. पार्लरवाला खाली मान घालून हसत होता. मागे उभ्या सक्सेना आंटी मात्र हसत नव्हत्या, कारण स्वेटर त्यांचाच होता. कुणा गरजूला द्या म्हणून त्यांनी तो काकांकडे दिला होता.

"काका, हे काय हो?" मी विचारलं.

"तपासणी," काका म्हणाले. "डाव्या काखेतून वारं शिरतंय. गेट पास नाही!"

काकांची सगळी नोकरी इथल्या कारखान्यात तपासणीच्या खात्यात गेली. तिथून माल बाहेर काढायचा तर गेट पास लागतो, आणि काकांनी मान डोलावल्याशिवाय तो मिळत नसे. रिटायर झाले, पण मान काही डोलत नाही. घरी आणलेल्या पपईलाही गेट पास लागतो बाप्पा!

अशा माणसाने एका दिवाळीनंतर जाहीर केलं, की गल्लीतले जुने गरम कपडे माझ्याकडे द्या, अख्ख्या भोपाळमधली उत्तम जागा शोधून तिथे देतो. आम्ही पिपलानीतल्या बायका खूश. कपाटं रिकामी झाली. मी आमच्या ह्यांचा ब्राऊन स्वेटर देऊन टाकला. ह्यांना विचारलं नाही, विचारलं असतं तर दिलाच नसता.

त्यालाही आता काही हिवाळे झाले. थंडी संपून लोक कूलर पुसायला काढायचे, तरी काकांच्या व्हरांड्यातलं कपड्यांचं पोतं जागचं हलायचं नाही. प्रत्येक स्वेटर काका आधी स्वतः घालून बघायचे, आणि मग जागा बघायला निघायचे. जागा काही पास होत नसे.

एम.पी. नगरात एका भिंतीला खुंट्या ठोकल्या आहेत. नको असेल त्याने टांगावं, हवं असेल त्याने न्यावं. काका समोरच्या चहावाल्याकडे दुपारभर बसून आले. "एकजण मोटरसायकलवर आला, जाकीट उचललं आणि गाडीच्या आरशात बघायला लागला. थंडी वाजणारा माणूस आरशात बघतो का गं नीलिमा?"

अशोका गार्डनला एक मंडळ कपडे वाटतं. तिथेही फेल. "एक मफलर, आणि धरायला सात माणसं! फोटोत घेणारा दिसेचना."

मग एका संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या, "अंकल, आम्ही दूरच्या गावांत पाठवतो, तुम्ही निश्चिंत राहा." हे मला पटलं. काका मात्र विचारत सुटले, लांब म्हणजे कुठे? दिलेलं मला पुन्हा बघायला मिळेल का? मॅडम म्हणाल्या, दिल्यावर बघायचं कशाला? काका पोतं स्कूटरवर घालून परत.

इकडे आमचे हे रोज डोकं खायला लागले. "अजून दिला नसेल ना माझा स्वेटर? मग परत आण. मला थंडी वाजते." शेवटी माझंही टाळकं फिरलं. दान करायचं की प्रदर्शन भरवायचं? यंदा थंडीची लाट आली, तेव्हा एका संध्याकाळी काकांना चार शब्द सुनवायचेच म्हणून मी तरातरा गेले.

फाटकाशी काकू उभ्या होत्या. अंगावर शाल नाही, हातात एक लहानसा लाल स्वेटर. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, घरी विणलेला, कोपरांना विरलेला.

"अगं, आमचा मिलिंद दिसला का?" त्यांनी माझा हात घट्ट धरला. "स्वेटर न घालताच गेलाय. अंधार पडतोय. गारठेल गं पोर."

त्यांचा मिलिंद चाळिशीचा आहे. कॅनडात असतो, बर्फात.

काकूंना विसर पडतो हे मला ठाऊक होतं. चहात साखर दोनदा, नावांची गल्लत, असंच काही मी समजत होते. काकांनी त्यांना समजावून आत बसवलं आणि बाहेर आले. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

"रोज दिवेलागणीला असंच," ते म्हणाले. "स्वेटर समोर ठेवला तर रडते. लपवला तर घरभर शोधत बसते, तेव्हा तर अजूनच घाबरते. तो कुणातरी पोराच्या अंगावर दिसायला पाहिजे, नीलिमा. तिला दिसायला पाहिजे. रोज."

म्हणजे पोतं नावाला होतं. सगळी तपासणी त्या एका लाल स्वेटरसाठी चालली होती. मी उगाच फाटकाची कडी वरखाली करत राहिले.

मग एकदम आठवलं. "काका, आपली प्रेसवाली रामकली? ती संध्याकाळी इस्त्रीचे कपडे द्यायला येते तेव्हा तिची पिंकी असते बरोबर. तेवढीच आहे."

काका लगेच मान डोलावतील तर ते खानझोडे कसले! दुसऱ्या दिवशी रामकलीच्या ठेल्यापाशी त्यांची चौकशी सुरू. पोरगी शाळेत जाते का? शेकोटीजवळ तर बसत नाही ना? या रस्त्याने रोज नक्की येता ना? रामकलीने इस्त्री बाजूला ठेवली. "बाबूजी, स्वेटर दे रहे हो कि रिश्ता कर रहे हो?"

तेव्हा काकांनी तिला सगळं खरं सांगितलं. रामकलीने हात पुसले आणि स्वेटर मागून घेतला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम अंगणात थांबले. पिंकी आईबरोबर आली, लाल स्वेटरमध्ये. काकू फाटकाशी होत्याच. "मिलिंद! वरचं बटण!" त्या ओरडल्या. पिंकी सरळ त्यांच्यापाशी गेली आणि हनुवटी वर करून उभी राहिली. काकूंनी बटण लावलं, तिचे गाल दोन्ही हातांनी चोळले, "जा, खेळ" म्हणाल्या. मग आत जाऊन शांतपणे चहा प्यायल्या.

त्याच आठवड्यात काकांनी पोतं स्टेशनजवळच्या रैनबसेऱ्यात नेऊन दिलं, जिथे रात्री रस्त्यावरची माणसं झोपायला येतात. बदकांसकट. मला वाटलं, आपण सुटलो.

काल काका आमच्या दारात. पातळ शर्ट, हातात ह्यांचा ब्राऊन स्वेटर.

"हा तेवढा तपासायचा म्हणून मागे राहिला. तुमचा आहे, म्हणून विचारायला आलो. मी ठेवून घेतला तर चालेल का?"

"काका, तुमचे स्वेटर?"

"तेही देऊन टाकले पोत्याबरोबर. पण आज काय झालं सांगू? पिंकी गेल्यावर हिने माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. म्हणाली, अहो, तुम्ही अंगात काही घातलं नाहीत? वर्ष झालं असेल गं, हिने माझी विचारपूस करून."

आमचे हे मागेच उभे होते. थंडीने नाक लाल झालेलं. तेच पुढे झाले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तो स्वेटर काकांच्या अंगावर चढवला.

"डावी बाही थोडी सैल आहे," काका म्हणाले आणि घाईघाईने घरी गेले. काकूंना दाखवायला.