जावईबापूंचा गुलाबी कांदा

लाल

"बाकीचा स्वयंपाक तू कर. कांदा मात्र माझा!" जावईबापूंनी बायकोला ठणकावून सांगितलं.

रंगाच्या दुकानात गिऱ्हाइकाला हवी ती छटा कालवून देणारा हा माणूस. सासूबाई मात्र चारचौघांत म्हणायच्या, "जावई गुणी आहे हो, पण स्वयंपाकघरात फक्त भिंत रंगवण्यापुरता!" आज त्या जेवायला येणार होत्या आणि हे वाक्य त्यांना परत घ्यायला लावायचंच होतं.

कांदा उभा चिरला. (डोळ्यांतून धार. अभिमानाची, असं समजा.)

"कांद्यासारखा रंगारी नाही! कच्चा तिखट, परतला की गोड, आंबटात पडला की गुलाबी! बघच तू."

"अहो, पण आईची कवळी नवी आहे. तिला चावेल का?"

एवढंच ना! कडधान्य मऊ शिजायला बायको चिमूटभर सोडा घालते, हे त्यांनी पाहिलं होतं. कांदा कोमट पाण्यात गेला, वर सोडा. चिमूट जरा मोठी होती. चमचाच म्हणा ना.

हिरवा

हो, हिरवा! निळसर हिरवा, शेवाळलेल्या हौदासारखा!

"अगंबाई! हे काय?"

"मुरतोय."

"कांदा की तुम्ही?"

तेवढ्यात दारावरची बेल वाजली. बायको दार उघडायला धावली.

फेस

एक रंग बिघडला तर दुसरा घालून सुधारायचा, हा दुकानातला धडा. पण इथे हाताशी होतं फक्त लिंबू! एक पिळलं. आणखी एक पिळलं. वाडगं फसफसलं, उतू गेलं, ओट्यावरून ओघळून थेट जावईबापूंच्या पायांवर आलं!

गुलाबी

फेस बसला, आणि खाली कांदा... गुलाबी! दुकानातल्या सगळ्यात महागड्या डब्यासारखा गुलाबी!

पाळण्यातलं बाळ आणावं तशी त्यांनी बशी टेबलावर आणली. सासूबाईंनी घास घेतला. चावला. थांबल्या. पेलाभर पाणी एका दमात प्यायल्या.

"जावईबापू, मघाशी मी तुमच्या मागेच उभी होते."

"अं?"

"हिरव्याचा गुलाबी! जन्मात असं पाहिलं नाही. माझे शब्द मी परत घेते."

जावईबापूंची छाती शर्टात मावेना!

"येत्या रविवारी माझ्या सगळ्या बहिणींना घेऊन येते. त्यांनाही करून दाखवा."

"अवश्य! किती कांदे चिरू?"

"एकच," सासूबाईंनी बशी हळूच दूर सारली. "बघायलाच तर हवाय. खायचा मी घरून आणते."