डिस्का घातल्या उन्हात

रविवारी सकाळी साडेअकराला भूपेंद्रनं ठरवलं, की आज बायकोला एका कामात तरी मदत करायचीच. इथूनच सगळं बिघडलं.

भूपेंद्र पांढुर्ण्यात एका सरकारी कचेरीत आवक-जावक बाबू. त्याची बायको उर्वशी लग्नकार्याचे व्हिडिओ काढायची आणि घरच्याच एका खोलीत बसून त्यांचे सिनेमे बनवायची. त्या खोलीत टेबलाखाली चार खणांचा एक काळा डबा होता. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक, पण घरात त्याला ‘डबा’च म्हणत. गेल्या नऊ वर्षांतली पांढुर्णा-सौंसरची लग्नं, साखरपुडे, बारशी सगळी त्या डब्याच्या पोटात होती, आणि इंटरनेट असलं की उर्वशी कुठूनही ती उघडू शकायची.

त्या दिवशी ती सौंसरला गेली होती. संत्र्याचे जुने बागायतदार यशवंतराव यांची पंच्याहत्तरी होती आणि त्यांच्यावर तिनं बनवलेला सिनेमा तिथं दाखवायचा होता. घरी डबा एकटाच घरघरत होता. भूपेंद्रनं वाकून पाहिलं, तर मागच्या जाळीवर बोटभर धूळ.

मागच्या आठवड्यातच उर्वशी म्हणाली होती, “अवो, हा डबा एकडाव साफ करा लागते. पण मले इचारल्याबिगर हात नका लावजा.” (भूपेंद्रनं पहिलं वाक्य मन लावून ऐकलं होतं. दुसऱ्या वाक्याच्या वेळी क्रिकेट चालू होतं.) डबा बंद करायची रीतही तिनं सांगितली होती: आधी त्याच्यावर कोणाचं काम चालू नाही ना ते पाहायचं, मग संगणकावरून त्याला बंद व्हायला सांगायचं, त्याचे दिवे विझेपर्यंत थांबायचं आणि मग प्लग काढायचा.

भूपेंद्रला एवढंच आठवलं, की दिवे आणि प्लग यांचा काहीतरी संबंध आहे. त्यानं प्लग काढला. दिवे विझले. तो समाधानानं ‘हं’ म्हणाला.

मग हुरूप आला. चार खण ओढले, तर चार डिस्का हातात आल्या, विटेएवढ्या जड. कुंचल्यानं झटकल्या, तरी आत दमट वाटलं. अंगणात त्याच्या आईनं, वच्छलाबाईंनी, खाटेवर कुरड्या वाळत घातल्या होत्या. शेजारी जागा होती. भूपेंद्रनं चारही डिस्का तिथं ऊन खायला ठेवल्या आणि तो डब्याच्या जाळीमागे लागला.

पाचच मिनिटांत फोन वाजला. उर्वशी होती. मागे तीनशे माणसांचा गलका.

“तुमी काय करून राहिले?”

“काई नाई. बसून राहिलो.”

“घरची लाईट गेली काय?”

“नाई. पंखा चालू हाये.”

“मंग डब्ब्याचे दिवे पाहा बरं. हिरवे हायेत का लाल?”

भूपेंद्रनं रिकाम्या डब्याकडे पाहिलं. “सध्या... कोणतेच नाई.”

“अवो, इथं पिच्चर चालू होता! सुनंदाबाई गाण्याले तोंड उघडत होत्या, अन् पडदा काळा झाला. पिच्चर डब्ब्यातूनच लावला होता मी. सकाळी सहाले पुरा झाला, पेनड्राईव्हमंधी घ्याले टाईमच नाई भेटला.”

भूपेंद्रनं हातातला कुंचला हळूच खाली ठेवला. सुनंदाबाई म्हणजे यशवंतरावांच्या कारभारीण, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या. कोजागिरीला त्या भुलाबाईची गाणी म्हणत, तेव्हा कोणीतरी काढलेली एक कॅसेट तेवढी उरली होती. तिला बुरशी लागलेली. उर्वशीनं कशीबशी ती एकदाच चालवून डब्यात उतरवली आणि त्यानंतर पट्टी तुटलीच. जगात त्या बाईचा आवाज आता एकाच ठिकाणी होता.

“डब्बा हाये ना जाग्यावर?” उर्वशीनं विचारलं.

“डब्बा हाये.”

“मंग?”

“आतलं सामान उन्हात हाये.”

भूपेंद्रनं आशेनं फोनची रेंज पाहिली. पुरी होती. रेंज गेली असती तर बरं झालं असतं.

“उन्हात म्हंजे?” तिचा आवाज अगदी हळू आला.

“कुरड्याईजवळ.”

“पयले घरात आणा. अन् आयका, कोणती कोणत्या खणातली, ते उलटं-पालटं नका करजा. डब्बा ओळखंल का नाई, सांगता येत नाई. मी पेनानं नंबर लिहेल हायेत, एक ते चार.”

तो अंगणात धावला. खाटेवर फक्त कुरड्या होत्या. वच्छलाबाई ओसरीत बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात चारही डिस्का नीट एकावर एक रचलेल्या, आणि हातात ओलं फडकं.

“बाप्पा, किती मळल्या होत्या रे!” त्या कौतुकानं म्हणाल्या. “कोण्या येड्यानं पेनानं आकडे काढले होते. घासून घासून काढले मी.”

भूपेंद्र मटकन खाली बसला. त्याच्या (हे त्यानं पुढं कोणालाच सांगितलं नाही) डोळ्यांत पाणी आलं. एका म्हाताऱ्या माणसाची बायको त्यानं, त्याच्या आईनं आणि एका ओल्या फडक्यानं मिळून दुसऱ्यांदा मारली होती.

“नंबर पुसले गेले,” तो फोनवर म्हणाला.

उर्वशी ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला धीर आला असता. ती म्हणाली, “पाण्यानं?”

“फडक्यानं. वरवर. टोकाले, जिथं जोडतेत ना, तिथं कोरडं हाये. मी बोट लावून पाह्यलं.”

“हरेक डिस्कवर कंपनीचं स्टिकर हाये, त्याच्यावर छापेल नंबर हाये. डब्ब्यात डिस्का बसवल्या तवा मी फोटो काढला होता, तो हाये माह्या मोबाईलमंधी. नंबर वाचा. एकही आकडा चुकू नका.”

आता मात्र भूपेंद्र सरळ बसला. वीस वर्षं आवक-जावक केलेला माणूस. लांबलचक नंबर वाचणं ही जगातली एकच गोष्ट त्याला येत होती. त्यानं चष्मा चढवला आणि कचेरीतल्या सुरात चारही नंबर खणखणीत वाचले. उर्वशी खण सांगत गेली, तो डिस्का सरकवत गेला. प्लग लावला. डबा ‘पी’ करून ओरडला आणि घरघरायला लागला. दिवे लालच.

“आता तपासून राहिला तो,” उर्वशी म्हणाली. “दहा मिनिटं लागतीन. हात नका लावजा. श्वासही दुरून घ्या.”

फोन चालूच होता. तेवढ्यात पलीकडून एक थकलेला आवाज आला. यशवंतराव होते.

“काय झालं वो बाई?”

“काकाजी, माफ करा जी. थोडा वेळ लागते.”

“लागू दे. माही सुनंदाही गाण्याआधी असाच वेळ लावे. बाया हात जोडत, तवा कुठं तोंड उघडे. थांबतो मी. सवय हाये.”

भूपेंद्रनं फोन कानापासून दूर केला. मग तो डब्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि त्यानं हात जोडले.

दहाची चौदा मिनिटं झाली. एक दिवा हिरवा झाला. दुसरा झाला. तिसऱ्यानं जीव खाल्ला. चौथा हिरवा झाला तेव्हा भूपेंद्रनं खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर गरगर फिरवला आणि बनियन-चड्डीवर खोलीभर असा नाचला, की वच्छलाबाई कुरड्या सोडून पाहायला आल्या.

संध्याकाळी उर्वशी परतली. भूपेंद्रनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि शिव्या ऐकायला तयार होऊन उभा राहिला.

“वाजलं का गाणं?”

“वाजलं. पुरं वाजलं. काकाजी डोळे मिटून बसले होते. मंग म्हणे, अजून एकडाव लावा.” तिनं बॅगेतून पेनड्राईव्ह काढला. “आजच त्याच्या दोन कॉप्या करतो मी. एक इथं, एक त्यायच्या घरी.”

भूपेंद्रनं सुस्कारा सोडला. “मंग सारं निपटलं म्हनाचं.”

“सारं नाई. त्या खोलीत मी मागच्या महिन्यात लक्ष ठेवाले कॅमेरा लावला, कॅमेरे-लेन्स पडून राह्यतेत म्हणून. त्याचं रेकॉर्डिंगही डब्ब्यातच जाते. मी घाईघाईत सगळ्यात वरची फाईल दाबली. मोठ्या पडद्यावर.”

भूपेंद्र दोन पावलं मागं सरकला. “कोणती?”

“तुमी नाचून राहिले होते ते.”

“तीनशे लोकाइपुढं?”

“जेवाले आलेले धरून चारशे. काकाजी तर पोट धरून हासले. म्हणे, हा कोण वो?”

“मंग तू काय सांगितलं?”

“काय सांगाचं? आमच्याकडं साफसफाईले येते म्हटलं.” तिनं चहाचा घोट घेतला. “त्यायनं तुमचा नंबर घेतला. उद्या त्यायले पाण्याची टाकी धुवाची हाये.”