उजवा खुबा आणि लेकाचं चीवर

उपोसथाच्या, म्हणजे बौद्धांच्या व्रताच्या दिवशी विहारात खुर्चीवर बसायचं नाही, असं मी ठरवलं, आणि पुढचं सगळं त्या एका ठरवण्यातून झालं.

आमच्या विहाराच्या सभागृहात मागच्या भिंतीला पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चार खुर्च्या आहेत. ज्यांना जमिनीवर बसवत नाही त्यांच्यासाठी. कैक वर्षं मी त्या खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांची टिंगल करत आलो. मूनखाम माझ्याच वयाचा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तो तिथे जाऊन बसला, तेव्हा मी त्याला चारचौघांत विचारलं होतं, की तिकीट कुठलं काढलंस. (तो रागावला नाही. म्हणाला, शेजारची जागा तुझ्यासाठी धरून ठेवतो. तेव्हा मला हसू आलं होतं.)

मी इन्सोम. थायलंडच्या नान प्रांतात जमिनीच्या कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली. विहारात गावाच्या वतीने वंदना म्हणायचं काम गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे. मी सगळ्यांच्या पुढे बसतो, पालीतली एक ओळ म्हणतो, मग गाव ती म्हणतं. मी हात जोडले की गाव जोडतं, मी डोकं टेकलं की गाव टेकतं, आणि मी उठेपर्यंत कोणी उठत नाही. कचेरीत माझं कधी कोणी ऐकलं नाही, घरातलं विचारूच नका. त्यामुळे ही जागा मला जिवापाड प्रिय.

त्या जागेवर बसायची रीत ठरलेली आहे. मांडी घालायची नाही. दोन्ही पाय एका बाजूला दुमडून, एका कुल्ल्यावर भार टाकून बसायचं. तळपाय बुद्धमूर्तीकडे जाता कामा नयेत आणि भिक्खूंकडे तर नाहीच नाही. माझ्या समोर मूर्ती, उजव्या हाताला भिक्खूंचा चौथरा. म्हणजे पाय जाणार डावीकडे, मागे. भार पडणार उजव्या खुब्यावर. सव्वीस वर्षं तो तिथेच पडत होता आणि माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

दुखायला लागलं ते एप्रिलमध्ये. खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, जिथे हाड हाताला लागतं, नेमकं तिथे. उजव्या कुशीवर वळलो की कळ यायची. घराचा जिना चढताना यायची. बसून उठलो की पहिली चार पावलं मी असा टाकायचो की कुत्रंसुद्धा थांबून बघायचं. पण मी कोणाला बोललो नाही. बोललो असतो तर खुर्ची आली असती, आणि ती मला चालणार नव्हती, कारण जुलैत तोन भिक्खू होणार होता.

तोन आमचा एकुलता एक. बावीस वर्षांचा आहे, चियांग माईला एअरकंडिशनर बसवायचं काम करतो. वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांसाठी चीवर, भिक्खूचं वस्त्र, घ्यायचं म्हणून त्याने मालकाकडून रजा मिळवली होती. आमच्याकडे त्या दिवशी आईबाप चीवर हातात घेऊन बसतात. मुलगा समोर गुडघे टेकतो, जन्मापासून जे काही चुकलं असेल त्याची क्षमा मागतो, मग बापाने ते चीवर त्याच्या हातांवर ठेवायचं. तरुणपणी मी स्वतः असाच थोड्या दिवसांसाठी भिक्खू झालो तेव्हा वडिलांना जाऊन दोन महिने झाले होते. चीवर काकांनी दिलं. काका फार चांगला माणूस, पण मी क्षमा मागितली ती काकांकडे, आणि ते मला आयुष्यभर पुरलं नाही. माझ्या मुलाला चीवर मीच देणार होतो, त्याच्यासमोर जमिनीवर बसून. एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

म्हणून मी सराव सुरू केला. रोज पहाटे ओट्यावर चटई टाकून तासभर उजव्या खुब्यावर बसायचं, म्हणजे खुब्याला सवय होऊन जाईल. (कचेरीतही मी असंच करायचो. एखादा कागद अडला की तोच कागद पुन्हा पुन्हा पाठवायचा.) पंधरा दिवसांत खुब्याला सवय झाली ती दुखायची.

माझी बायको सेंगला. तोन झाल्यापासून ती मला बाबा म्हणते आणि मी तिला आई. एक दिवस ती भाजी निवडता निवडता माझ्याकडे बघत राहिली.

"काय दुखतंय, बाबा?"

"कंबर."

"मग हात खुब्यावर का?"

"कंबर तिथपर्यंत आलीय."

ती पुन्हा भाजी निवडायला लागली. ती अशी भाजी निवडते तेव्हा मी जास्त घाबरतो.

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप पलीकडच्या गावात खामआय वैद्याकडे गेलो. त्याची पद्धत जुनी आहे. निखाऱ्यावर नांगराचा फाळ लाल होईस्तोवर तापवतो, स्वतःची टाच तेलात बुडवतो, ती फाळावर टेकवतो, भपकन जाळ उठतो, आणि ती गरम टाच घेऊन तो पालथ्या पडलेल्या माणसाच्या अंगावर पाय देतो. गावोगावच्या पाठी त्याने सरळ केल्यात. माणूस प्रामाणिक आहे, हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात त्याचा काडीचा दोष नाही. त्याने काय दुखतंय ते विचारलं. त्याच्या सुना तिथेच बसून मिरच्यांचे देठ काढत होत्या. त्यांच्यासमोर खुब्याला हात लावायची मला लाज वाटली, आणि मी पाठ सांगितली.

पाठीवर ती टाच फिरली तेव्हा इतकं बरं वाटलं की मला हाव सुटली. मी म्हटलं, जरा खाली. मग म्हटलं, जरा उजवीकडे. तो थांबला. म्हणाला, इथे सूज नाही ना, सुजेवर मी पाय देत नाही. मी म्हटलं, छे, सूज कुठली, द्या जोरात. वंदना म्हणायचा माझा जो आवाज आहे त्याच आवाजात म्हटलं, त्यामुळे त्याने विश्वास ठेवला.

मला घरी आणलं ते त्याच्या मुलाच्या पिकअपमध्ये, मागे, तांदळाच्या पोत्यांवर डावी कुस करून. सेंगलाने पोती बघितली, मला बघितलं, आणि घरात जाऊन माझं आरोग्याचं कार्ड घेऊन आली. पिकअप तशीच दवाखान्याकडे वळवली.

डॉक्टरीण बाई तोनपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिने एक बोट ठेवलं आणि मी टेबलावर उठून बसलो. मग तिने शांतपणे समजावून सांगितलं. खुब्याच्या त्या हाडावर एक पातळ पिशवी असते, आत थेंबभर पाणी. वरचे स्नायू हाडावर घासू नयेत म्हणून ती मध्ये असते. सतत दाब पडला की ती सुजते. सांधा चांगला आहे, हाड चांगलं आहे, सुजली आहे ती पिशवी. मग तिने विचारलं, तुम्ही बसता कसे? मी टेबलावरच बसून दाखवलं. किती वर्षं? मी सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.

"काका, कधीतरी दुसऱ्या बाजूला बसला असतात तर?"

"पाय भिक्खूंकडे गेले असते."

"मग जागा बदलायची. चौथऱ्याच्या पलीकडे बसायचं."

"पलीकडे भिंत आहे."

यावर तिने पेन पुन्हा उचललं.

उपाय तिने कागदावर लिहून दिले. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन. बर्फ कापडात गुंडाळून दिवसातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं लावायचा. जेवणानंतर गोळ्या, थोडे दिवस. दुखणं उतरलं की ती सांगेल ते व्यायाम, खुब्याच्या बाजूचे स्नायू घट्ट व्हायला. काही आठवड्यांत फरक नाही पडला तर इंजेक्शन. खुब्यावर कोणी पाय द्यायचा नाही. (हे ती सेंगलाकडे बघून म्हणाली. जणू मी तिथे नव्हतोच.) आणि जमिनीवर बसणं बंद.

मी म्हटलं, बारा दिवसांनी मुलाचा विधी आहे. ती म्हणाली, खुर्ची घ्या.

परत येताना मी रडलो. सांगायला लाज कसली, पोत्यांवर आडवा पडून रडलो. सेंगला शेजारी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, काकांचं, वडिलांचं, चार खुर्च्यांचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चीवर हातांनी द्यायचंय, बाबा. खुब्याने नाही."

बारा दिवस मी शहाण्यासारखा वागलो. आमच्या दोघांच्या मध्ये आता उशी होती, ती माझ्या गुडघ्यांतली. बर्फ सेंगला लावायची, कारण मी लावला की पाच मिनिटांतच पंधरा मिनिटं झाल्याचं जाहीर करायचो. आठव्या दिवशी मी जिना न थांबता चढलो. दुखणं गेलं नव्हतं, पण निम्म्यावर आलं होतं.

विधीच्या दिवशी मूनखामने स्वतः एक खुर्ची उचलून पुढे आणली आणि माझ्या जागेवर ठेवली. तिकिटाचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. दीडशे माणसं जमिनीवर आणि मी खुर्चीवर, मांडीवर चीवर घेऊन. शेजारी खाली सेंगला, तिचा एक हात चीवराला लावलेला.

तोन आला आणि गुडघे टेकून वाकला. आदल्या दिवशीच मुंडन झालं होतं. खाली बसलो असतो तर मला त्याचा चेहरा दिसला असता. वरून दिसलं ते डोकं, आणि डोक्यावर मधोमध एक जुना व्रण. तो कधी झाला, कसा झाला, मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा कचेरीत असणार. तो क्षमा मागत होता आणि मला वाटत होतं, अरे, तू कशाची मागतोस. चीवर मी त्याच्या हातांवर ठेवलं. हात माझेच होते, सेंगला म्हणाली तसं, आणि ते पुरलं.

इथे मी थांबायला हवं होतं.

दीक्षा झाली, तोन पिवळ्या चीवरात आला आणि चौथऱ्यावर भिक्खूंच्या रांगेत शेवटी बसला. आता तो मुलगा राहिला नव्हता. आता आम्ही त्याला वंदन करायचं. खुर्चीवरून हात जोडले तरी चालतं, हे मला चार जणांनी बजावलं होतं. पण माझं मन भरून आलं होतं, आणि खुबाही गप्प होता. मी खाली उतरलो. पहिल्यांदा डोकं टेकलं, माझ्यामागे दीडशे डोकी टेकली. दुसऱ्यांदा टेकलं. तिसऱ्यांदा टेकलं आणि खुब्यात अशी कळ आली की मी तिथेच राहिलो.

मागे सगळे वाकलेलेच. मी उठल्याशिवाय कोण उठणार? पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. कोणीतरी मुसमुसायला लागलं, बापाचं मन बघा म्हणून. बघता बघता पाच-सहा बायका रडायला लागल्या. रडत मीही होतो, पण कशासाठी ते विचारू नका. म्हाताऱ्यांचं कण्हणं सुरू झालं. सेंगला गुडघ्यांवर सरकत माझ्या कानापाशी आली.

"उठता येत नाही?"

"नाही."

तिने वर बघितलं. भिक्खूने बाईला शिवायचं नसतं, म्हणून तिला आता तोन हात लावू शकत नव्हता, आई असली तरी. मला लावू शकत होता. त्याने विहाराच्या प्रमुखांकडे, मोठ्या भन्तेंकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि तो चौथऱ्यावरून उतरून माझ्यासमोर वाकला. माझ्या काखेत हात घातले. मी जे हाताला लागलं ते घट्ट धरलं, आणि ते त्याच्या चीवराचं टोक होतं.

आमच्याकडे असं मानतात की मुलगा भिक्खू झाला की आईबाप त्याच्या चीवराचं टोक धरून स्वर्गात जातात. सगळं सभागृह डोकं किंचित वर करून तेच बघत होतं. मी दोन्ही हातांनी ते धरलं होतं, तोन मला वर उचलत होता, आणि खरंच, क्षणभर मला वाटलं की चाललो.

तेवढ्यात मोठे भन्ते खाकरले.

"इन्सोम, जरा हळू ओढ. त्याला अजून नीट नेसता येत नाही."