यमुनाबाईंच्या हौदात टँकर

म्हाताऱ्या माणसांना सोबत कशी करावी, हे हर्सूलमध्ये हिमानीताईंइतकं कुणालाच कळत नव्हतं. निदान हिमानीताईंचं तरी तसं ठाम मत होतं! कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. वसाहतीच्या सोबत मंडळाकडून दर बुधवारी त्यांच्या वाट्याला यमुनाबाई आल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहणाऱ्या. ताई त्यांचा रक्तदाब मोजत, गोळ्या तपासत. विणकाम-शिवणकाम तर त्यांनी साफ बंद करून टाकलं होतं. डोळ्यांना ताण नको!

"किती त्रास घेता हो तुम्ही," यमुनाबाई अदबीनं म्हणत.

शुक्रवार शालूचा होता. शालू पाचोडकडच्या मेंढपाळ घरातली, लग्न होऊन मागच्या गल्लीत आलेली. एका शुक्रवारी ताई विसरलेला चष्मा आणायला गेल्या, तर दाराबाहेरच त्यांना खिदळणं ऐकू आलं.

"अगं शाले, पुरे की गं! हसून हसून जीव जाईल माझा!"

ताई आत शिरल्या आणि हसणं थांबलं. वर्गात हेडबाई आल्यासारखं! यमुनाबाईंनी पदर सारखा केला. "या ताई. बसा ना."

शालूला 'अगं' आणि आपल्याला 'बसा ना'! ताईंच्या पोटात लिटमस कागद बुडवला असता, तर त्या क्षणी लालभडक निघाला असता.

रात्रभर विचार करून त्यांनी उपाय शोधला. दुष्काळाचं वर्ष. तलावात पोरं क्रिकेट खेळत होती. भोवती 'सरोवर', 'निर्झर' अशा नावांच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना निव्वळ हवा येत होती. यमुनाबाईंच्या अंगणातला हौद दिवाळीपासून कोरडा पडला होता. तो काठोकाठ भरून द्यायचा! शालू देईल का असली भेट?

ताईंनी बाहेरून टेप लावून हौदाची लांबी-रुंदी मोजली, खोली विचारून घेतली आणि आकारमान काढलं. तेवढं पाणी मावेल असा टँकर सांगितला. हौदाचं झाकण उघडून आत डोकावणं तेवढं राहिलं.

बुधवारी टँकर आला. टँकरवाल्यानं घाईघाईत झाकणाच्या भोकातून पाइप आत सोडला. ताईंनी यमुनाबाईंना आतल्या खोलीत बसवून दंडाला पट्टा बांधला.

"हा घरघराट कसला हो?"

"बोलू नका, आकडा चुकतो! गंमत आहे तुमच्यासाठी."

टँकर दिसला की हर्सूलमध्ये माणसं जमिनीतून उगवत. गल्ली घागरी घेऊन धावली. सगळ्यांच्या पुढे शालू होती. तिनं पाइप कुठं गेलाय ते पाहिलं आणि घागर टाकून किंचाळली, "बंद करा! आरं बंद करा! आत घोंगड्या हायत!"

यमुनाबाई दंडाच्या पट्ट्यासकट अंगणात आल्या. मागून ताई, हातात पट्ट्याचा रबरी फुगा.

शालूच्या सासरी विणलेल्या त्या नव्याकोऱ्या घोंगड्या शनिवारी गुलमंडीच्या दुकानात जायच्या होत्या. दर शुक्रवारी दोघी मिळून त्यांच्या काठांचे सुटे धागे, म्हणजे दशा, वळत. झाकण निघालं. चिंचोक्याची खळ देऊन पुठ्ठ्यासारख्या कडक केलेल्या घोंगड्यांची सगळी खळ पाण्यात उतरली होती आणि हौदात करड्या रंगाची पेज तयार झाली होती!

"पण हौदात कशाला ठेवल्या?" ताई पुटपुटल्या.

"तुमच्यापायी, मॅडम!" शालू म्हणाली. "तुमी आजीला काम करू देत नाय. मग कुठं लपवायच्या?"

तेवढ्यात यमुनाबाईंचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला. "अगं ए हिमाने! बावळट! दिसत नाही का गं तुला? उभी काय राहिलीस खांबासारखी? धर ते टोक, पीळ!"

रसायनशास्त्राच्या माजी विभागप्रमुखांना कुणी 'बावळट' म्हणावं, असं त्यांच्या नोकरीत तरी घडलं नव्हतं.

हिमानीताईंचा चेहरा उजळला. त्यांनी पदर खोचला, भिजलेल्या मेंढीएवढ्या जड घोंगडीचं टोक धरलं आणि विचारलं, "असं पिळू का, आजी?"

"असं नव्हे गं! तुला काही येतं की नाही!"

अहाहा! दुपारभर त्या पिळत होत्या आणि बोलणी खात होत्या. एका शेजारणीनं मदतीला हात पुढे केला, तर ताईंनी तिला कोपरानं बाजूला सारलं. "मला सांगितलंय त्यांनी!" दुकानदाराला त्यांनी स्वतः फोन करून आठवड्याची मुदत मागून घेतली.

पुढच्या बुधवारी ताई वेळेआधीच पोचल्या. ओट्यावर शालू बसलेली! घोंगड्यांना पुन्हा खळ द्यायची, म्हणून आता तिचा बुधवारही झाला होता.

"अगं शाले, चिंचोके नीट वाट," यमुनाबाई म्हणत होत्या. मग त्यांनी वर पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाल्या, "या ताई, बसा ना. त्या दिवशी रागाच्या भरात काहीबाही बोलले. मनावर घेऊ नका हं."

"छे छे," हिमानीताई म्हणाल्या आणि त्यांनी आशेनं हौदाकडे पाहिलं. झाकणाला नवंकोरं कुलूप लावलेलं होतं.