डेलियाला नेसवलेली साडी

देवाजीच्या मुलीचं, रंजीताचं लग्न २०१८ च्या मे महिन्यात विहारात झालं. त्यानंतरच्या थंडीत ही गोष्ट घडली.

देवाजी वनखात्याच्या लाकूड डेपोतून निवृत्त झालेला. सिंदेवाहीजवळच्या गावात घरामागे तो डेलिया लावी. साहेबांच्या बंगल्यातून आणलेले चार कंद त्यानं वाढवून वाफाभर केले होते. शेंडा खुडायचा, काडीचा आधार द्यायचा, एका फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या तोडायच्या. मग फूल ताटाएवढं येई. त्याची बायको वच्छला म्हणायची, "एवढी निगा माही केली असती तं मीबी फुलली असती."

संकट एकच होतं, रानडुक्कर. डुकरं बिचकावीत म्हणून धानाच्या बांधीभोवती, शेताभोवती सगळे जुन्या साड्या बांधतात, तशा देवाजीनंही वाफ्याभोवती बांधल्या.

जानेवारीत निरोप आला. विहीण गिरजाबाई रंजीताला घेऊन मुक्कामी येत होती. रंजीताला बी.एड. करायचं होतं. जावई प्रणित तयार होता, पण घरात शब्द गिरजाबाईचा. लग्नात तिला जेवायला उशिरा वाढलं, तेव्हापासून ती फुगलेली होती. यावेळी तिला खूश करायचं आणि बी.एड.चं काढायचं, असं वच्छलानं ठरवलं. विहिणीनं आहेर केलेली आंबा रंगाची साडी नेसायला म्हणून ती गाठोडं सोडायला गेली, तर गाठोडंच नाही.

"अवो, कोपऱ्यातलं गाठोडं कुठी हाय?"

"डेलियाले बांधल्या ना साड्या."

"त्याच्या बुडी विहीणबाईची साडी होती!"

"नवी साडी चिंध्यांच्या बुडी काऊन ठेवली?"

"तुमच्या वहिनीले दिसू नये म्हणून! दिसली की मांगतेच थे."

दोघं मागच्या दाराकडे धावले, तोवर पुढच्या दारी ऑटो थांबला. वच्छला जुन्याच साडीवर सामोरी गेली. गिरजाबाईनं पाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाली, "चाला, पाहू तुमची डेलिया. सून रोज सांगून राह्यली."

"जेवून पाहा ना बाई," वच्छला म्हणाली.

"फुलं का पळून राह्यले?"

"फुलं नाई पळत," देवाजी पुटपुटला, आणि वच्छलानं त्याला कोपर मारलं.

वाफ्यात लाल, पिवळी, जांभळी फुलं डुलत होती. गिरजाबाईनं एकाही फुलाकडे पाहिलं नाही.

"माही साडी! डुकराले भेव दाखवाले लावली?"

"डुकरासाठी नाई बाई," देवाजी म्हणाला. "फुलांच्या मानासाठी."

"मंग बाजूच्या चिंध्या?"

"थ्या डुकरासाठी."

रंजीता तोंडावर ओढणी धरून घरात पळाली. गिरजाबाईनं एकेक गाठ सोडली, साडी झटकली, घडी घातली आणि पिशवीत कोंबली. "इथी तिची किंमत नाई. घरी नेतो."

बी.एड.चं नाव काढायची सोय उरली नाही. जेवणात गिरजाबाई फक्त मीठ मागायला बोलली. संध्याकाळी देवाजी मोकळ्या जागी दुसरी साडी बांधायला उठला.

"राहू द्या," वच्छला म्हणाली. "पाहिलं तं आणखी भडकन थे."

देवाजी बसला.

सकाळी सगळ्यांत आधी गिरजाबाई उठली. तिची हाक ऐकून घर मागे धावलं. साडी सोडली होती नेमका तिथूनच डुकरांचा कळप शिरला होता. वाफा नांगरल्यासारखा उलटला होता. कंद खाल्लेले, फुलं चिखलात. देवाजी खाली बसला आणि एक मोडलेलं देठ उगाच उभं करून पाहू लागला.

गिरजाबाईची मान लग्नानंतर पहिल्यांदा खाली होती. वच्छलानं ते बघितलं. डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "बाई, रंजीताले बी.एड.ले पाठवा."

"इथी माही डेलिया मेली..." देवाजी म्हणाला.

"तुम्ही चूप बसा. डेलिया पुढच्या सालीबी येते."

गिरजाबाई म्हणाली, "डेलियाचा अन् बी.एड.चा काय संबंध?"

"काईच नाई. पण गाव इचारन ना, कुंपण कोनं सोडलं म्हणून. मले खोटं बोलता येत नाई."

"जाऊ दे तिले," गिरजाबाई शेवटी म्हणाली. "पण धान रोवण्याच्या टायमाले घरी पायजे."

दुपारच्या बसनं दोघी गेल्या. देवाजीनं मातीत हात घालून शोधलं, तेव्हा दोन कंद साबूत निघाले. ते धुता धुता त्यानं विचारलं, "काल संध्याकाळी मले साडी बांधू नाई देली. खरंच विहीणबाई भडकन म्हणूनच ना?"

वच्छला चूल फुंकत होती. फुंकतच राहिली.

रंजीता बी.एड. झाली. आता ती मुलचेऱ्याकडच्या एका शाळेत शिकवते. दोन कंदांचे पुन्हा वाफाभर झाले. देवाजी २०२३ च्या सप्टेंबरात तापानं वारला. त्या सालचे कंद त्यानं लावले होते, काड्या बांधायच्या राहिल्या होत्या.